घडीतून भूमिती : फ्रोबेलच्या भेटवस्तू, सुंदर राव यांचा कागद आणि शालेय सममिती-शिक्षणाची वाटचाल

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील शालेय विद्यार्थी एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसतो, तेव्हा वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांच्या जोडीला त्याला कर्तव्यभूमितीचीही तयारी करावी लागते. दिलेल्या बाजूवर पंचकोन काढणे, वर्तुळात षटकोन बसवणे, दोन वर्तुळांना स्पर्शिका काढणे अशा रचना तो कंपासपेटीच्या साहाय्याने अचूकपणे करतो. मात्र ती रचना बरोबर का ठरते, असा प्रश्न त्याला तेथे विचारला जात नाही. तो प्रश्न गणिताच्या तासाचा मानला जातो. गणिताच्या तासाला त्याच आकृतीची सिद्धता लिहिली जाते; परंतु तेथे ती आकृती सुंदर आहे की नाही, तिच्यातून आणखी कोणती आकृती निर्माण होऊ शकेल, याचा विचार सहसा होत नाही. एकाच आकृतीची अशी दोन तासांत विभागणी का झाली, हा शिक्षणाच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

कलाकृतीच्या द्वारे भूमिती आणि सममिती शिकवण्याचे प्रयोग नवे नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत त्यांची पद्धतशीर मांडणी झाली. त्याच शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पुस्तकाने त्या मांडणीला अनपेक्षित गणिती उंची दिली. विसाव्या शतकात महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या चळवळीनेही या विचाराशी आपल्या परीने नाते जोडले. प्रस्तुत निबंधात या वाटचालीचा आढावा घेतला असून, हाताचे काम केव्हा भूमिती शिकवते आणि केव्हा ते केवळ शोभेचे उरते, या प्रश्नाचा त्या आधारे विचार केला आहे.

स्फटिक आणि ठोकळे :

किंडरगार्टन पद्धतीचा जनक फ्रीडरिख फ्रोबेल (१७८२–१८५२) याचा जन्म जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात ओबरवाइसबाख या गावी झाला. १८०८ ते १८१० या काळात तो स्वित्झर्लंडमधील इव्हर्डन येथे पेस्टालॉझीच्या संस्थेत राहिला. मुलाला शब्दांच्या आधी वस्तू भेटली पाहिजे, निरीक्षणातून कल्पना आणि कल्पनेतून शब्द हा शिक्षणाचा क्रम असला पाहिजे, हा पेस्टालॉझीचा विचार त्याने तेथे आत्मसात केला. रेषा, कोन आणि चौरस यांच्या रेखाटनातून दृष्टीला वळण लावण्याचा प्रयत्न पेस्टालॉझीने केलाच होता. परंतु फ्रोबेलच्या विचाराला निर्णायक दिशा मिळाली ती शाळेबाहेर. १८१४ ते १८१६ या काळात तो बर्लिन येथे ख्रिस्तियन सॅम्युअल वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली खनिजसंग्रहालयात काम करीत होता. स्फटिकांचे वर्गीकरण त्यांच्या अक्षांच्या आधारे करण्याचे काम वाइस याच काळात करीत होता. बाहेरून विविध दिसणारे स्फटिक आतून मोजक्याच सममितीच्या नियमांनी बांधलेले असतात, ही गोष्ट फ्रोबेलच्या मनावर खोल ठसली. निसर्गाच्या रचनेत जो नियम आहे तोच मुलाच्या खेळात आणता येईल, अशी त्याची धारणा झाली.

१८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे त्याने खेळसाहित्य तयार करणारी संस्था काढली आणि १८४० साली ‘किंडरगार्टन’ हे नाव रूढ केले. त्याच्या साहित्याला ‘भेटवस्तू’ असे नाव होते. पहिल्या भेटीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू होते. दुसरीत लाकडी गोल, घन आणि दंडगोल होते. तिसऱ्या भेटीत एक मोठा घन आठ लहान घनांत विभागलेला होता. पाचव्या भेटीत घनाचे सत्तावीस भाग केलेले असून, त्यांपैकी तीन घन कर्णावर दुभागलेले आणि तीन घन चार भागांत कापलेले होते. म्हणजे एकूण ३९ तुकडे मुलाच्या हाती येत. पुढील भेटींत चौरस व विविध त्रिकोणी फळ्या, काड्या आणि कडी असत. यांच्या जोडीला कागद टोचणे, विणणे, कापणे आणि घड्या घालणे असे ‘व्यवसाय’ होते.

या साहित्याच्या तीन उपयोगांचे वर्गीकरण येथे महत्त्वाचे आहे. त्याच ठोकळ्यांपासून मूल खुर्ची किंवा घर रचते तेव्हा त्या जीवनाकृती होत. ठोकळे मोजून, विभागून, पुन्हा जुळवून ते अर्धा, पाव, पृष्ठ, कड यांचा विचार करते तेव्हा त्या ज्ञानाकृती होत. एका केंद्राभोवती नक्षी रचते तेव्हा त्या सौंदर्याकृती होत. सौंदर्याकृतीचा नियम साधा, परंतु कठोर होता. एका बाजूचा ठोकळा हलवला की समोरच्या बाजूचा ठोकळाही तसाच हलला पाहिजे. तयार झालेली नक्षी मोडून दुसरी मांडायची नाही. एकेक बदल करीत पहिलीतूनच दुसरी घडवायची. आधुनिक गणिताच्या भाषेत सांगायचे तर हे परिवर्तनांचे शिक्षण होते. मुलाला ‘सममिती’ हा शब्द ठाऊक नसला तरी, आकृती बदलत असताना काय कायम राहते याचा अनुभव त्याच्या बोटांना येत होता.

पद्धतीचे साचे :

फ्रोबेलच्या हयातीतच या प्रयोगावर संकट आले. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याच्या समाजवादी विचारांशी झालेला घोटाळा हे त्याचे एक कारण होते. पुढच्याच वर्षी फ्रोबेलचे निधन झाले आणि बंदी १८६० साली उठली. दरम्यान बर्था फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो हिच्यासारख्या अनुयायांनी ही पद्धत युरोपभर नेली. १८७३ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे सुझन ब्लो हिने सार्वजनिक शाळेत किंडरगार्टन सुरू केले. १८७६ साली टोकियो येथील महिला अध्यापक विद्यालयाला जोडून किंडरगार्टन निघाले. तेथे फ्रोबेलची कागदाची घडी आणि जपानची जुनी घडीकला यांची भेट झाली. त्याच वर्षीच्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात हे साहित्य पाहून आईने ते आपल्यासाठी आणले आणि त्या ठोकळ्यांचा परिणाम आयुष्यभर टिकला, असे वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट याने पुढे नमूद केले आहे.

प्रसाराबरोबर पद्धतीला ताठरपणा आला. मार्गदर्शिका छापल्या गेल्या, त्यांत नक्ष्यांचे अनुक्रम ठरले आणि शिक्षिकेच्या सूचनेबरहुकूम सर्व मुलांनी एकाच वेळी एकच ठोकळा उचलावा अशी शिस्त आली. मुलाने शोधायची नक्षी आता त्याला सांगितली जाऊ लागली. जॉन ड्यूई आणि पॅटी स्मिथ हिल यांनी या यांत्रिकतेवर टीका केली, तर स्टॅन्ले हॉल याने लहान बोटांना न पेलणाऱ्या बारीक कामावर आक्षेप घेतला. हा वाद इतका वाढला, की अमेरिकेत १९०३ साली नेमलेल्या एकोणीस जणांच्या समितीला एकमत होऊ शकले नाही आणि १९१३ साली तिचे भिन्न मतांचे अहवाल प्रसिद्ध झाले. ठोकळे तेच राहिले, घड्या त्याच राहिल्या; त्यांतून विचाराची जागा मात्र आक्रसली. साहित्य स्वतःहून काही शिकवत नाही, हा या प्रकरणाचा धडा होय.

वसाहतकालीन शाळा : पाठांतर आणि नक्कल

भारतात आधुनिक शालेय भूमिती आली ती युक्लिडच्या रूपाने. मुंबई इलाख्यात १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याने शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने गणिताची मराठी पुस्तके तयार करून घेतली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ पासून मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली. या परीक्षेच्या छत्रछायेत युक्लिडच्या प्रतिज्ञा क्रमांकानुसार पाठ करणे ही भूमितीची तयारी ठरली. अक्षर बदलले किंवा आकृती उलटी काढली तरी विद्यार्थी गोंधळावा, अशी ही विद्या होती. खुद्द इंग्लंडमध्येही या पाठांतराविरुद्ध असंतोष होता. भूमितीच्या अध्यापनात सुधारणा घडवण्यासाठी १८७१ साली तेथे शिक्षकांची संघटना स्थापन झाली आणि १९०१ साली जॉन पेरी याने ग्लासगो येथील भाषणात प्रत्यक्ष मोजणी व कृतीवर आधारलेल्या गणिताचा जोरदार पुरस्कार केला.

दुसऱ्या बाजूला चित्रकलेचे शिक्षण उभे राहत होते. मद्रास येथे १८५० साली अलेक्झांडर हंटर याने कलाशाळा काढली. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. या शाळांमागे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीचा आदर्श होता. हेन्री कोल याच्या पुढाकाराने घडलेल्या त्या पद्धतीत रेखांकनाचे तेवीस टप्पे होते आणि पहिलाच टप्पा उपकरणांनी काढायच्या रेषाकृतींचा होता. कारागीर तयार करणे हा तिचा उद्देश होता. त्यामुळे भूमिती चित्रकलेच्या वर्गात आली खरी. परंतु नमुन्याची अचूक नक्कल करण्याचे साधन म्हणून ती आली. १८५६ साली प्रसिद्ध झालेल्या ओवेन जोन्सच्या अलंकरणविषयक ग्रंथात भारतीय नक्षीकामाला मानाचे स्थान मिळाले होते. मात्र नक्षी घडवणाऱ्या कारागिराला भूमितीचा जाणकार म्हणून ज्ञानाच्या व्यवहारात स्थान मिळाले नाही.

अशा रीतीने दोन वाटा पडल्या. सिद्धतेची भूमिती परीक्षार्थी कारकून, वकील आणि अभियंता यांच्याकडे गेली, तर रचनेची भूमिती कारागिराकडे. पहिलीला हात नव्हता आणि दुसरीला ‘का’ विचारण्याचा अधिकार नव्हता. जातिव्यवस्थेने ज्या समाजात हातकाम आणि बुद्धिकाम यांची आधीच फारकत केली होती, तेथे ही विभागणी विशेष घट्ट रुजली. कर्तव्यभूमितीत ‘का’ हा प्रश्न नसणे, हा त्याच इतिहासाचा अवशेष म्हणता येईल.

सुंदर राव यांचे पुस्तक :

या पार्श्वभूमीवर १८९३ साली मद्रास येथे अ‍ॅडिसन आणि कंपनीने एक लहानसे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. कागदाच्या घड्यांतून भूमितीचे पाठ असा त्याचा विषय होता आणि लेखक होते टी. सुंदर राव. सुंदर राव हे व्यवसायाने अध्यापक नव्हते. मद्रास इलाख्याच्या महसूल खात्यात ते अधिकारी होते. पुस्तकाची कल्पना किंडरगार्टनच्या आठव्या भेटीवरून, म्हणजे कागदाच्या घडीवरून सुचली, असे त्यांनी प्रास्ताविकातच नमूद केले आहे. त्या भेटीत दोनशे रंगीत चौरस कागद, घडी दाबण्याचे साधन आणि सूचनांच्या आकृत्या असत. बालवाडीतले हे साहित्य त्यांनी महाविद्यालयीन गणितापर्यंत नेले. या पाठांना महागडी उपकरणे लागत नाहीत, एक चाकू आणि कागदाचे तुकडे पुरेत, हेही त्यांनी सांगितले आहे.

पुस्तकाची सुरुवात चौरसापासून होते. कडा वेड्यावाकड्या असलेला कागद घेतला आणि तो दुमडून दाबला, की सरळ रेषा मिळते. ती रेषा स्वतःवरच येईल अशी दुसरी घडी घातली, की लंब मिळतो. चौरसाच्या बाजूंचे मध्यबिंदू घड्यांनी जोडले, तर आत निम्म्या क्षेत्रफळाचा चौरस तयार होतो. त्याच्या आत पुन्हा तसाच चौरस, असे करत गेल्यास एक द्वितीयांश, एक चतुर्थांश, एक अष्टमांश अशी श्रेढी कागदावर उमटते आणि तिची बेरीज एकाच्या जवळ कशी जाते हे डोळ्यांना दिसते. यानंतर समभुज त्रिकोण, पंचकोन, षटकोन, अष्टकोन, नवकोन, दशकोन, द्वादशकोन आणि पंधरा बाजूंचा बहुकोन येतात. पुढे श्रेढी, बहुकोनांचे सामान्य गुणधर्म, शंकुच्छेद आणि इतर वक्र यांची प्रकरणे आहेत.

समभुज त्रिकोणाचे उदाहरण या पद्धतीचे मर्म दाखवते. चौरस कागदाला मधोमध उभी घडी घालावी. मग खालच्या कडेचे एक टोक स्थिर ठेवून दुसरे टोक त्या मधल्या घडीवर येईल असा कागद वळवावा. ते टोक घडीला जेथे टेकते तो बिंदू आणि खालच्या कडेची दोन टोके मिळून समभुज त्रिकोण होतो. येथवर ती कृती आहे. आता ‘का’ हा प्रश्न विचारला, की उत्तरही कागदातच सापडते. वळवलेली कड मूळ कडेएवढीच असणार, कारण ती तीच कड आहे. मधल्या घडीवरचा प्रत्येक बिंदू खालच्या दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर असणार, कारण त्या घडीने एक टोक दुसऱ्यावर आणले होते. म्हणून तिन्ही बाजू समान. ही पूर्ण सिद्धता आहे आणि ती पाठ करावी लागत नाही. युक्लिडने आपल्या चौथ्या प्रतिज्ञेत एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवण्याची जी युक्ती वापरली, तिच्याबद्दल पुढील गणितज्ञांना नेहमीच अवघडलेपण वाटत आले. घडीमध्ये मात्र ती युक्ती मूळ क्रियाच असते. घडी म्हणजे आरसा. घडीची रेषा म्हणजे सममितीचा अक्ष.

नवकोनाच्या संदर्भातील सुंदर राव यांचा प्रामाणिकपणाही लक्षणीय आहे. कोनाचे तीन समान भाग घडीने बऱ्यापैकी अचूक करता येतात आणि त्यायोगे नवकोन अंदाजे रचता येतो, असे त्यांनी लिहिले. बऱ्यापैकी अचूक आणि अचूक यांतला फरक त्यांनी झाकला नाही. सुंदर दिसणारी आकृती आणि सिद्ध झालेली आकृती या दोन गोष्टी आहेत, हे भान विद्यार्थ्याला देणे हीदेखील भूमितीच होय.

गटिंगेनची दखल :

या पुस्तकाला पहिली मोठी दाद मिळाली ती जर्मनीतून. फेलिक्स क्लाइन या गणितज्ञाने १८९५ साली प्राथमिक भूमितीतील प्रसिद्ध प्रश्नांवर दिलेली व्याख्याने ग्रंथरूप झाली. त्यांत हेर्मान वीनर याने नियमित बहुफलकांची जाळी कागदाच्या घडीने तयार केल्याचा उल्लेख करून, त्याच सुमारास मद्रासच्या सुंदर राव यांनी हीच कल्पना बरीच पुढे नेल्याचे त्याने नोंदवले. क्लाइननेच ही दखल घ्यावी हा केवळ योगायोग नव्हे. १८७२ साली एर्लांगेन येथे मांडलेल्या आपल्या कार्यक्रमात त्याने भूमितीची व्याख्याच बदलली होती. कोणत्या परिवर्तनांनी आकृतीचे कोणते गुणधर्म कायम राहतात याचा अभ्यास म्हणजे भूमिती, असा त्याचा सिद्धान्त होता. सममिती हा भूमितीचा अलंकार नसून तिचा कणा आहे असे मानणाऱ्या या गणितज्ञाला कागदाच्या घडीचे मोल सहज कळले.

क्लाइनच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर वूस्टर बेमन आणि डेव्हिड युजीन स्मिथ या अमेरिकन प्राध्यापकांनी केले. त्यातील उल्लेखावरून त्यांनी सुंदर राव यांचे पुस्तक मिळवले आणि १९०१ साली शिकागो येथील ओपन कोर्ट प्रकाशनातर्फे त्याची संपादित आवृत्ती काढली. रेखाचित्रांऐवजी प्रत्यक्ष दुमडलेल्या कागदांची छायाचित्रे त्यांनी छापली. १९६६ साली अमेरिकेतील डोव्हर प्रकाशनाने ती पुन्हा उपलब्ध करून दिली. मद्रासमधून निघालेला विचार जर्मनीमार्गे अमेरिकेत पोहोचला आणि तेथून पुनर्मुद्रित होऊन भारतीय वाचकाकडे परत आला, असा हा उलटा प्रवास आहे.

घडीचे गणितही पुढे सरकले. १९३६ साली मार्गेरिटा पिआझोला बेलोक या इटालियन गणितज्ञ स्त्रीने असे दाखवले, की दोन बिंदू एकाच घडीने दोन रेषांवर आणता आले तर घनसमीकरण सुटते. याचा अर्थ असा, की पट्टी व कंपास यांना अशक्य असलेले कोनाचे त्रिभाजन घडीने अचूक करता येते. सुंदर राव यांचा अंदाजे नवकोन अशा रीतीने अचूकतेच्या कक्षेत आला. बालवाडीचे खेळणे समजल्या गेलेल्या घडीची शक्ती युक्लिडच्या उपकरणांहून अधिक ठरली.

महाराष्ट्रातील धागे :

बालशिक्षणात कृतीला स्थान देण्याची चळवळ महाराष्ट्रात आली ती गुजरातच्या वाटेने. १९२० साली गिजुभाई बधेका यांनी भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. १९२३ साली ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. या मंडळींवर प्रभाव होता माँटेसोरीचा. माँटेसोरीच्या साहित्यात धातूचे भौमितिक साचे असतात. मूल चौकट आणि तिच्या आतला तुकडा या दोन्हींच्या कडेने रेघ ओढते, एकावर एक आकृती काढून नक्षी तयार करते आणि ती रेषांनी भरते. लेखनाची पूर्वतयारी हा त्यामागचा मुख्य हेतू असला, तरी आकाराची ओळख हाताच्या वाटेने करून देण्याचे तत्त्व तेच आहे.

ताराबाईंनी १९३६ साली दादरला शिशुविहार आणि १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी ते आदिवासी मुलांमध्ये रुजवले. आयात केलेले लाकडी साहित्य या मुलांना परवडणारे नव्हते आणि ओळखीचेही नव्हते. म्हणून पाने, बिया, खडे, काड्या, शिंपले हे परिसरातील साहित्य शैक्षणिक साधन झाले. पानाची शीर हा मुलाला भेटणारा पहिला सममिती-अक्ष असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचे महत्त्व केवळ आर्थिक नव्हते हे कळते. येथे साहित्य बदलले, पण तत्त्व टिकले. युरोप-अमेरिकेत साहित्य टिकले होते, पण तत्त्व हरवले होते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने नई तालीमचा पाया घातला. झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगाला शिक्षणाचे केंद्र मानले आणि गणितादी विषय त्या उद्योगाशी जोडण्याचा आग्रह धरला. हात आणि बुद्धी यांची फारकत मिटवण्याचा हा या देशातील सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयत्न होता. परंतु अनेक शाळांत उद्योगाचा तास आणि गणिताचा तास पुन्हा वेगळे झाले आणि सूतकताई हे एक स्वतंत्र काम होऊन बसले. अलीकडच्या काळात पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी कागद, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्रिकोण, घन आणि बहुफलक घडवण्याचे काम केले. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या साहाय्याने उभी राहिलेली ही शोधिका कृतिशील भूमितीच्या परंपरेतील महत्त्वाचा टप्पा होय.

अंगणातील भूमिती :

शाळेबाहेर मात्र ही फारकत कधीच पूर्ण झाली नव्हती. उदबत्तीने भोके पाडलेला ठिपक्यांचा कागद अनेक मराठी घरांत असे. त्यावरून रांगोळी चाळून अंगणात ठिपके उमटवायचे आणि ते जोडून नक्षी साधायची, हे बिंदुजालावरील रचनेचेच काम होते. तमिळनाडूतील कोलम या तशाच कलेकडे मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधील गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताच्या दृष्टीने पाहिले आणि १९७४ साली तिच्या आधारे संगणकशास्त्रातील चित्रव्याकरणाची मांडणी केली. स्त्रियांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या ज्ञानाला ज्ञान म्हणण्यासाठी इतका काळ जावा लागला.

उंबरठ्यावरच्या स्वस्तिकाचा विचार येथे उद्बोधक ठरतो. स्वस्तिक चौथाई फेरा फिरवले तर स्वतःवर जुळते, म्हणजे त्याला परिभ्रमण सममिती आहे. परंतु ते कोठेही दुमडले तरी एक भाग दुसऱ्यावर बसत नाही. त्याला सममितीचा अक्ष नाही. आता कागदाला केंद्रातून जाणाऱ्या साध्या घड्या घालून नक्षी कापण्याची शाळेतील परिचित कृती घ्यावी. एकदा आडवी, एकदा उभी आणि एकदा कर्णावर घडी घातली, तर कागदाचे आठ पदर होतात आणि उलगडलेल्या नक्षीला चार अक्ष मिळतात. या कृतीने फुले मिळतात, तारे मिळतात. स्वस्तिक मात्र मिळत नाही. का मिळत नाही, हा प्रश्न विचारला की कात्रणकाम भूमिती होते. घडी म्हणजे आरसा असल्याने तिच्यातून आलेल्या प्रत्येक नक्षीत आरसा असणारच, हे उत्तर अकरा-बारा वर्षांचे मूल स्वतः शोधू शकते. प्रश्न विचारला नाही, तर तीच कृती वर्गाच्या भिंतीवरची झालर होऊन राहते.

दिवाळीचा आकाशकंदीलही याच जातीचा आहे. कामट्यांचे सहा सारखे चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून असे बांधले, की मधल्या मोकळ्या जागा समभुज त्रिकोण होतील, तर त्या जागा बरोबर आठ येतात. या घनाकृतीला १२ कोपरे, २४ कडा आणि १४ पृष्ठे असतात. कोपरे आणि पृष्ठे यांच्या बेरजेतून कडा वजा केल्यास दोन उरतात, हे ऑयलरचे सूत्र कंदील बांधता बांधता पडताळता येते. त्रिकोण आठच का, सात किंवा नऊ का नाहीत, हे सांगण्यासाठी मुलाला मोजणीतून तर्काकडे जावे लागते : सहा चौकोनांच्या चोवीस बाजू, प्रत्येक बाजू एका त्रिकोणाची, आणि प्रत्येक त्रिकोणाला तीन बाजू.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी, की कलाकृतीद्वारे भूमिती शिकवण्याची परंपरा सुमारे पावणेदोनशे वर्षांची असून, तिच्या गणिती विकासात एका भारतीय महसूल अधिकाऱ्याचा मोलाचा वाटा आहे. भारतीय शिक्षणाच्या इतिहासात सुंदर राव यांच्या पुस्तकाला त्याच्या योग्यतेचे स्थान मिळणे आवश्यक आहे. दुसरी गोष्ट अशी, की या परंपरेचा ऱ्हास साहित्याच्या अभावाने झाला नाही, तर प्रश्नाच्या अभावाने झाला. किंडरगार्टनच्या मार्गदर्शिका, साउथ केन्सिंग्टनची नक्कल, युक्लिडचे पाठांतर आणि नई तालीमच्या शाळांतील सुटे पडलेले उद्योगतास यांच्यात वरवर साम्य नाही. परंतु मुलाच्या कृतीपासून त्याचा ‘का’ वेगळा करणे हा त्या सर्वांतील समान दोष आहे.

तिसरी गोष्ट आजच्या धोरणाशी निगडित आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाच्या विचाराचे गणितीकरण हे गणित-शिक्षणाचे ध्येय मानले आणि कलाशिक्षणाला अभ्यासक्रमात स्थान देण्याचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि इतर विषय यांच्या एकात्मतेचा पुरस्कार केला. २०२४ साली आलेल्या राष्ट्रीय परिषदेच्या सहावीच्या गणिताच्या पुस्तकात सममिती हे स्वतंत्र प्रकरण आहे. ही अनुकूल चिन्हे आहेत. तथापि कलेची जोड म्हणजे गणिताच्या वहीत रंगीत चित्र चिकटवणे, असा अर्थ घेतला गेला, तर फ्रोबेलच्या अनुयायांची चूक नव्या नावाने पुन्हा होईल. त्यावर उपायही इतिहासातच आहे. घडी उलगडण्यापूर्वी किती पाकळ्या येतील हे मुलाने सांगावे, उलगडल्यावर ते पडताळावे, चूक झाली तर कारण शोधावे आणि पाच पाकळ्या हव्या असतील तर घडीचा कोन किती असावा हे स्वतः ठरवावे. दहा पदरांसाठी छत्तीस अंशांचा कोन लागतो, हे त्याला सांगण्याची गरज पडत नाही.

याला फारसा खर्च येत नाही. चित्रकला शिक्षक आणि गणित शिक्षक यांनी एकमेकांच्या तासाला बसणे, कर्तव्यभूमितीच्या प्रत्येक रचनेखाली तिचे कारण एका वाक्यात लिहून घेणे, आणि रांगोळी काढणाऱ्या मुलीला, कंदील बांधणाऱ्या मुलाला वर्गात जाणकाराचे स्थान देणे, एवढे पुरेसे आहे. ज्यांच्या घरात पुस्तके कमी, पण हातात कौशल्य आहे, अशा विद्यार्थ्यांसाठी भूमितीचे दार याच बाजूने उघडते. १८९३ साली चाकू आणि कागदाच्या तुकड्यांवर जे साध्य झाले, ते आजच्या कोणत्याही शाळेच्या आवाक्याबाहेरचे नाही.